कागदावर नसलेल्या ओळी

चष्म्याच्या दुकानात येणारे लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे, आणि यात सगळा हात त्याच्या मेहुण्याचा होता. विद्यापीठाच्या धर्म-अभ्यास विभागात त्याने पीएच.डी.ला नाव घातलं, त्याच आठवड्यात मेहुणा दुकानात शिरून भर गिऱ्हाइकांत ओरडला, “काय डॉक्टर, बरं आहे ना?” गिऱ्हाइकांना वाटलं, हे डोळ्यांचेच डॉक्टर. नाव चिकटलं. पदवी मात्र जवळ यायचं नाव घेईना.

तसा तो आळशी नव्हता. सकाळी भिंगं घासायची, फ्रेमचे स्क्रू आवळायचे, दुपारी काउंटर बायकोवर सोपवून ग्रंथालय गाठायचं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. अभ्यासक्रम पुरे केले, लेखी परीक्षा दिल्या, प्रबंधही लिहून काढला. विषय होता ‘पश्चात्ताप’. कुणी विचारलं की तो म्हणायचा, “विषय निवडला आणि मग बाहेर कुठे साहित्य शोधावंच लागलं नाही. सगळं घरबसल्या मिळत गेलं.”

तोंडी परीक्षेची तारीख मागायला तो विभागाच्या कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या बाईंनी संगणकाकडे बघतच सांगितलं, “तुमची भाषेची परीक्षा राहिलीय.”

“ती नंतर दिली तर?”

“नंतर म्हणजे कधी? पदवी मिळाल्यावर?”

ज्या धर्मग्रंथांवर प्रबंध लिहायचा ते मूळ भाषेत वाचता आले पाहिजेत, अशी अट होती. नियमांच्या पुस्तिकेत ती शेवटच्या पानावर होती, आणि कुठलीही पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचायचा त्याचा स्वभाव नव्हता. ती भाषा आता जगात कुणाच्याही तोंडी उरलेली नव्हती. त्याने सगळे ग्रंथ भाषांतरातून वाचले होते आणि तळटीपा मात्र अशा दिल्या होत्या, की जणू लहानपणी घरात हीच भाषा बोलत होते.

परीक्षेला बसायचं तर आधी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वर्ग करणं भाग होतं. आणि त्या वर्गात त्याची मुलगी होती. दुपार मोकळी मिळते एवढ्याच कारणासाठी तिने हा विषय घेतला होता.

“बाबा,” पहिल्या दिवशी ती दारातच म्हणाली, “आत गेल्यावर तू मला ओळखत नाहीस.”

“बरं.”

“आणि हात वर करायचा नाही.”

हे दुसरं काही त्याला जमलं नाही. मॅडम त्याच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांनी फळ्यावरच्या शब्दाची विभक्ती विचारली, तर हा उठून उभा राहिला आणि तो शब्द कुठल्या पंथाने का टाळला, टाळल्यामुळे काय भांडणं झाली, हे सांगत सुटला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“छान. आता विभक्ती?”

तो पुन्हा फळ्याकडे बघू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, षष्ठी, षष्ठी!” त्याने षष्ठी सांगितलं. ती चतुर्थी होती. मुलीने वहीत तोंड खुपसलं.

मग मॅडमनी वाचनाच्या जोड्या लावल्या. आडनाव सारखं म्हणून या दोघांची जोडी झाली आणि गुपित फुटलं. मुलीने कपाळाला हात लावला, पण पोरगी जबाबदार निघाली. रोज संध्याकाळी ती दुकानात स्टुलावर बसायची, आणि हा स्क्रू पिळता पिळता रूपं म्हणायचा. पलीकडे बायको गिऱ्हाइकाला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावत असायची. एका आजोबांनी नवी भिंगं लावून अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधडा वाचून टाकली, तोवर हा एकाच क्रियापदात अडकून होता.

“हे कोण?” आजोबांनी बायकोला हळूच विचारलं.

“आमचे डॉक्टर,” ती म्हणाली. “अजून नजर बसायचीय त्यांची.”

परीक्षेच्या दिवशी पेपर उलटताच त्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. उतारा त्याच्या ओळखीचा होता! पश्चात्तापाची ती प्रार्थना त्याच्या तिसऱ्या प्रकरणाचा कणाच होती, भाषांतर तोंडपाठ होतं. त्याने पेन उचललं ते पूर्णविरामावरच ठेवलं. सगळ्यांच्या आधी पेपर देऊन, मान ताठ करून तो बाहेर पडला. मुलीला आइस्क्रीम खिलवलं, मेहुण्याला फोन केला, आणि संध्याकाळी एका बाईंच्या फ्रेमला उजव्या डोळ्याचं भिंग डावीकडे बसवून दिलं.

दोन दिवसांनी मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं.

“भाषांतर सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. त्याने विनयाने मान खाली घातली. “इतकं सुंदर, की मी पेपर पुन्हा काढून पाहिला. शेवटच्या दोन ओळी तुम्ही कुठून आणल्या?”

“उताऱ्यातून.”

“उताऱ्यात त्या नाहीत. पानावर मावेना म्हणून मी प्रार्थना मध्येच तोडली होती.”

त्यांनी पेपर पुढे सरकवला. खरंच, कागद दोन ओळी आधी संपत होता. आधी सवयीने तोंड उघडलं. मौखिक परंपरेत पाठ कसा कागदाच्या पलीकडे जिवंत असतो, यावर त्याच्याकडे एक अख्खं व्याख्यान तयार होतं. “मौखिक परंपरेत...” त्याने सुरुवातही केली. मग समोरच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं, आणि त्याला स्वतःचाच चौथ्या प्रकरणातला सिद्धांत आठवला, की माणूस कारणं द्यायचं थांबवतो तिथे पश्चात्ताप सुरू होतो. त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

“मॅडम, मी वाचलंच नाही,” डोळे पुसत तो म्हणाला. “ओळखीचं दिसलं आणि लिहीत सुटलो.”

“मला तेच वाटलं होतं. पुन्हा बसा. या वेळी कुणी भाषांतर न केलेला उतारा देईन.”

घरी सांगणं जास्त कठीण गेलं. मुलगी एकदम उसळली. “रोज घसा कोरडा करत होते मी! आणि तू पाठ केलेलं लिहून आलास?”

क्षमा कशी मागावी यावर त्याने जगभरातले दाखले जमवले होते. त्यातला एकही आता उपयोगाचा वाटला नाही.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“अहो, एवढंच होतं?” बायको आतून म्हणाली. “मग प्रबंधात त्याला इतकी पानं कशाला लागली?”

मुलीला हसायचं नव्हतं, पण हसली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला धडा सुरू झाला.

दुसऱ्या वेळचा उतारा पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात ना प्रार्थना, ना देव. शब्दामागून शब्द सोडवत गेला, तेव्हा कळलं की कुठल्यातरी मठाची राखण करणारा माणूस वरिष्ठांकडे गाऱ्हाणं करतोय. छपराचं काहीतरी झालंय, अंथरूण भिजलंय, आणि खाली ठेवायची बादली कुणीतरी पळवलीय. ‘बादली’वर त्याने बराच वेळ डोकं फोडलं. पण ती एकदा सापडली आणि त्याला वाटलं, हा माणूस आपल्याशी बोलतोय. भिजलाय, वैतागलाय, आणि मधे कुणी भाषांतरकार नाही. इतकी वर्षं या लोकांवर पानंच्या पानं लिहिली, पण त्यांच्यातल्या कुणाचा आवाज पहिल्यांदाच कानावर पडत होता.

तो काठावर पास झाला.

“छप्पर ‘रडत’ नाही, ‘गळतं’,” मॅडम म्हणाल्या. “बाकी वाचलंत तुम्ही.”

आता तोंडी परीक्षेला काहीच आडवं येत नव्हतं, तर हाच आडवा आला. हौसेने त्याने ती लाडकी प्रार्थना मूळ भाषेत लावायला घेतली. ज्या ‘आसवांनी न्हालेला’वर त्याचं तिसरं प्रकरण उभं होतं, ते दोन शब्द मुळात नव्हतेच, भाषांतरकाराने पदरचे घातले होते. दोन दिवस त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मग मार्गदर्शकांकडे गेला. ते निवृत्तीला टेकलेले होते आणि याला एकदाचं मार्गी लावायला त्यांचा जीव आसुसला होता.

“सर, तिसरं प्रकरण चुकलंय. पुन्हा लिहावं लागेल.”

“कुणी पकडलं?”

“कुणी नाही. मीच.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी वाचून सांगताय,” ते म्हणाले, “आणि नेमकं तेही आत्ताच सुचावं तुम्हाला!”

प्रकरण नव्याने लिहून झालं तेव्हा ते निम्मंच उरलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच प्रकरणावर प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं त्याने दिली, तिसऱ्याला “माहीत नाही” म्हणाला, आणि त्यांनी हसून पुढचं पान उलटलं. बाहेर बाकावर बायको आणि मुलगी बसल्या होत्या. त्या दिवशी दुकान बंद होतं.