सरळ रेघेसाठी

धनजजवळच्या आमच्या गावात रस्त्याकडच्या विहाराच्या भिंतीवर त्रिसरण लिहिलेलं आहे. निळ्या भिंतीवर पांढरी अक्षरं, एकही वाकडं नाही. एस.टी.तले लोक खिडकीतून मोबाइल काढून फोटो घेतात. कुणी विचारलं की माझा थोरला, अश्वजित, सांगतो, "माह्या भावानं काढलं." तो भाऊ त्या रस्त्यानं जात नाही, हे मात्र सांगत नाही.

प्रसेनजित माझा धाकटा. पेंटर. आसपासच्या गावांतल्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. मी म्हातारपणी विहारातल्या वर्गात अक्षरं शिकले, ती त्याच्या पाट्यांवरच घोटली. मग त्याला आजार लागला. काही दिवस झोप नाही, बोलणं थांबत नाही, शेजाऱ्याच्या बैलांची शिंगंसुद्धा रंगवून टाकली. नंतर तोच पोरगा महिनोन्महिने भिंतीकडं तोंड करून पडून. अमरावतीच्या डॉक्टरांनी आधी डोक्याची फिल्म काढायला लावली, आत गाठ वगैरे नाही ना ते बघायला. गाठ नव्हती. मग लिथियमची गोळी सुरू केली. त्यांनी मला समजावून सांगितलं की या आजारात मेंदूचा वरचा थर काही ठिकाणी पातळ आढळतो, आजार पुन्हा पुन्हा उलटला तर आणखी झिजू शकतो. ही गोळी घेणाऱ्यांचा तो थर बरा राहतो, असं तपासात दिसलंय. पण हात थरथरेल, तहान लागेल, रक्त तपासत राहावं लागेल.

हात थरथरला. चहाचा कप बशीवर वाजायचा. पण पोरगा माणसात होता. सकाळी उठायचा, माझ्यासोबत भाकर खायचा, रात्री झोपायचा. पाट्यांची कामं गेली तेव्हा लोकांच्या घरांना चुना मारू लागला. चुन्यात थरथर दिसत नाही.

गेल्या वर्षी विहार नवा बांधला. जयंतीला नागपूरहून पाहुणे यायचे होते. आमच्या गावची एक रीत आहे. मांडव फ्लेक्सनं भरला तरी चालतो, पण भिंतीवरचं त्रिसरण गावातल्याच माणसानं ब्रशनं लिहायचं. प्रसेनजितनं मागच्या भिंतीवर एक अक्षर काढून पाहिलं. काना गांडुळासारखा उतरला. कुणीतरी हसलं. तेव्हा हात का थरथरतो ते दाखवायला अश्वजितनं घरून ती फिल्म आणली. तो शाळेत मास्तर आणि जयंती कमिटीचा सचिव.

विहाराच्या ओट्यावर फिल्म उन्हाकडं धरली. मधोमध काळी पोकळी होती, फुलपाखराच्या पंखांसारखी. कमिटीतले जुने ग्यानबा म्हणाले, "हे पाहा, अंदरून खाली झालं. तुरीवर तणनाशक उडालं का असंच करपते. गोळीनं खाल्लं पोराले." सगळ्यांनी माना हलवल्या. शेतकरी माणसं. जास्तीच्या औषधानं करपलेलं पीक प्रत्येकानं पाहिलेलं.

मी म्हणाले, ही फिल्म पहिल्या गोळीच्या आधीची आहे, मग गोळीनं खाल्लं कसं?

अश्वजित हसला. "माय, दोन पाट्या वाचता आल्या तं डाक्टर झाली का वं तू?"

लोकही हसले. मग तो म्हणाला की गोळी जयंतीपुरतीच बंद करू, नंतर पुन्हा देऊ, जबाबदारी माझी. प्रसेनजित हात मांडीखाली दाबून बसला होता. घरी आल्यावर मी त्याला नको म्हटलं. तो म्हणाला, "माय, बिमार म्हणून हासले असते तं चाललं असतं. ते पेंटरले हासले."



गोळी बंद झाली. थोड्याच दिवसांत हात स्थिर झाला. भिंत अशी लिहिली की ग्यानबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात थांबला नाही. बस थांबा रंगवून झाला, शाळेचं कुंपण झालं, गुलाम नबींच्या गिरणीचं शटर झालं. गुलाम नबी माझ्याकडं आले. "भाभी, शटरची फिकर नका करू. पोरगा झोपून नाई राह्यला. त्याले आजच दवाखान्यात न्या." मी अश्वजितला सांगितलं. तो म्हणाला, जयंती होऊ दे.

जयंतीच्या सकाळी प्रसेनजित मांडवाच्या खांबावर चढून भाषण देऊ लागला. पाहुण्यांची गाडी यायच्या आत अश्वजितनं मांडवाच्याच दोरीनं त्याचे हात बांधले आणि जीपमध्ये घातलं. मी सोबत बसले. मागं पाहुण्यांनी भिंतीची तारीफ केली, टाळ्या पडल्या. ते नंतर मला मोबाइलवर दाखवण्यात आलं.

डॉक्टरांना मी ती काळी पोकळी विचारली. ते म्हणाले, ती प्रत्येकाच्या डोक्यात असते, तिच्यात पाणी असतं. माझ्याही, तुमच्याही. पातळ झालेला थर असा एकाच्या फिल्मवर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. शेकडो जणांचे मेंदू मोजून पाहिले तेव्हा तो कळला.

गोळी पुन्हा सुरू झाली. पहिल्यासारखी लागू पडेना, म्हणून दुसरी जोडली. आता प्रसेनजित दुपारपर्यंत उठत नाही, अंग सुजल्यासारखं झालंय, आणि हात पहिल्यापेक्षा जास्त थरथरतो. चुन्याचं कामही सुटलं.

यंदा जयंतीच्या तोंडावर अश्वजित आला, उंबऱ्यातच उभा राहिला. उन्हानं अक्षरांचे पोपडे निघाले होते. "नवीन काढाचं नाई, माय. आहे त्याच अक्षरावरून ब्रश फिरवाचा. गोळी चालू राहू दे."

मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं. ज्या पोकळीपायी गोळी बंद केली, ती तुझ्याही डोक्यात आहे म्हटलं.

"ते ठीक आहे. पण भिंतीचं काय?"

आत प्रसेनजित दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होता. त्यानं पेला ठेवला, थोडं सांडलं. कोपऱ्यातला ब्रशांचा डबा उचलून त्यानं भावाच्या पायाशी आणून ठेवला.

"घे. तूच काढ. तुहे हात तं सरळ आहेत."

अश्वजितनं डब्याला हात लावला नाही. मीही तो उचलला नाही. अजून उंबऱ्याजवळच आहे.