बिगर पेटीचा कवडीशेट

अख्खं नाटक गायचं, एक वाक्यही नुसतं बोलायचं नाही आणि साथीला एकही वाद्य नाही. शिवांजलीनं हे हौसेनं नाही, रागानं ठरवलं होतं. येडशीच्या जत्रेत 'कवडीशेट मेला' हे जुनं विनोदी नाटक पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करायचे, लुगडी नेसून. यंदा ते बायकांनी मागितलं. जत्रा कमिटीच्या अमरसिंहदादांनी नाटक दिलं, पण पेटी-तबल्याला नकार. फार तर सुरुवातीचा सूर तेवढा पेटीवाला सिद्धाराम देईल, म्हणाले.

"बिगर पेटीचं गाणं मयतीतच शोभतं. सूर घसरला, तर फुडल्या साली स्टेजवर पाय ठिवायचा न्हाय."

"कबूल," शिवांजली म्हणाली. शाळेत संगीत शिकवायची, पण बाई मुलखाची हट्टी.

मयतीचं बोलणं तिला झोंबलं आणि नेमकं तेच तिनं उचललं. पाहुण्यांना जेवू घालावं लागू नये म्हणून कवडीशेट मेल्याचं सोंग घेतो, अशी नाटकाची गोष्ट. शेटाणी झाल्या धुरपदाबाई. मयतीत हेल काढून रडावं ते त्यांनीच. तो हेल शिवांजलीनं गाण्यात घेतला, मागं बाकीच्या बायकांचे सूर भरले: "धनी गेलं गं बाई, कोठीची किल्ली कुठं ठिवली?"

जत्रेत लोक हसून हसून लोळले. कवडीशेट झालेल्या कोंडाबाईचं मढंसुद्धा पोट धरून हलायला लागलं. शेवटचा सूर बायकांनी लांबवला, तसं दादांनी सिद्धारामला खुणावलं. त्यानं सुरुवातीचीच पट्टी दाबली.

पेटी वर, बायका खाली. गाता गाता सगळ्या मिळून अर्धा सूर उतरल्या होत्या. सूर धरायला वर केलेला हात शिवांजलीनं खाली घेतला नाही. बायका गातच राहिल्या.

"घसरला का न्हाय?" दादा उठून म्हणाले.

"आमी समद्या एका जागी हाव, दादा," शिवांजली म्हणाली. "पेटीच एकटी तिकडं गेलीया. तिलाच इचारा."

मांडवात हशा पिकला. सिद्धारामनं एकदा दादांकडं पाहिलं, बोट उचललं आणि शेजारची खालची पट्टी दाबली. पेटी बायकांच्या सुरात येऊन बसली.

"असू द्या," शिवांजली दादांना म्हणाली. "फुडल्या साली तिला बी घिऊ."