कुसामावशींची खुर्ची

पंचांनी शिट्टी फुंकली आणि थेट आमच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. टेक्निकल फाउल! मैदानावरच्या पाचजणींनी काहीच केलं नव्हतं. प्राचार्य हॉलमध्ये आले म्हणून आमच्या मॅनेजर कुसामावशी अदबीने उठून उभ्या राहिल्या होत्या.

सामना चालू असताना कोचशिवाय कोणी उभं राहायचं नाही, असा नियम. पहिल्या सामन्यात त्यांना ताकीद मिळाली होती. आता सेमीफायनलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले. आम्ही जिंकलो खरं, पण जीव मुठीत धरून.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा आमच्या नाशिकलाच होती. मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच. आमच्या खेळाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून कॉलेजच्या शिपाई कुसामावशी मॅनेजर झाल्या. मी राखीव खेळाडू, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांची राखणदार. त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची कायम माझी.

त्या संध्याकाळी मावशी जेवल्याच नाहीत.

"पोरींनो, उद्या मला नका बसवू. सरांपुढं मी कधी बसले नाय. ते दिसले का आपोआप उठते मी."

"मावशी, तुम्ही नसलात तर आम्हाला खेळूच देणार नाहीत," कॅप्टन स्नेहल म्हणाली.

"आणि उठलात तर हरू," मी म्हटलं. स्नेहलने मला चिमटा काढला. पण त्यात खोटं काय होतं?

फायनलला दोन मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि प्राचार्य नेमके आमच्या मागे येऊन उभे राहिले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मावशींचे गुडघे हलले. मी त्यांचा पदर धरायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"काय कुसाबाई, जिंकतोय ना आपण?" सरांनी विचारलं.

मावशींनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि नुसती मान वळवली.

"जिंकतोय, सर. पण बसूनच बोलते. राग नका मानू."

सर गडबडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रिकामी खुर्ची कुठेच नव्हती.

मला मावशींचा इतका अभिमान वाटला की स्नेहलचा शेवटचा बास्केट मी पाहिलाच नाही. आरडाओरडा झाला तेव्हा कळलं, आम्ही जिंकलो. शिट्टी होईपर्यंत मावशी बसून होत्या, आणि सर त्यांच्या मागे उभे होते.