हजारानंतरचं टिंब

नेवेना बेलग्रेडला वेबसाइट बनवायला शिकायला गेली, तेव्हा सुरुवातीला तिचं एकही पान जागेवर बसेना. चित्र उजवीकडे सरकवावं तर मजकूर खाली घसरायचा. बोरिवोये मास्तर म्हणायचे, "काय गं, तुझं पान राकिया ढोसून आलंय का?" पण पोरगी चिवट. हिवाळा सरेपर्यंत ती आकड्यांचे आलेख काढायला लागली, तेही असे की बोट लावलं की स्तंभ उजळावा आणि त्यावर आकडा यावा.

शेवटच्या परीक्षेला तिने विषय म्हणून आपल्याच तालुक्याची बससेवा घेतली. बसकंपनीच्या कारकुनाने प्रत्येक गावच्या प्रवाशांची, म्हणजे फाडलेल्या तिकिटांची, महिन्याची सरासरी पाठवली. पान झकास झालं. फक्त तिच्या ब्रेझ्ना गावाचा स्तंभ जमिनीला चिकटलेला होता. महिन्याला प्रवासी एक.

नेवेनाला गलबलून आलं. 'गेले सगळे, माझ्यासारखेच,' असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर गावाच्या नावाने तिने मनातल्या मनात कधीच आंघोळ केली होती. म्हणून आकडा पुन्हा तपासावा असं काही तिच्या मनात आलं नाही. तिने ब्रेझ्नाला राखेचा रंग दिला आणि पहिला नंबर पटकावला.

कंपनीच्या नव्या साहेबाने ते पान बैठकीत भिंतीवर दाखवलं, आणि शरदात ब्रेझ्नाची बस बंद झाली. ड्रायव्हर कुरकुरला, पण एवढ्या रंगीत पुराव्यापुढे ड्रायव्हरला कोण विचारतो! नेवेनाला लहानाची मोठी करणारी देसांका आत्या त्याच बसने चीज आणि सायीचे डबे घेऊन बाजाराला जायची. तिचं पोट त्यावर होतं. बस थांबली तशी आत्या घरात अडकली.

नाताळच्या तोंडावर नोकरीसाठी ते पान दाखवायचं म्हणून नेवेनाने मूळ तक्ता उघडला. ब्रेझ्नासमोर लिहिलं होतं: १.२४०. कारकुनाने, इथे सगळेच लिहितात तसं, हजारानंतर टिंब दिलं होतं. कॉम्प्युटर परक्या रीतीचा, त्याने ते दशांशाचं धरलं. बाराशे चाळीस माणसांचा झाला सव्वा माणूस, आणि आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून त्यावरचा पावही तिनेच छाटला होता. बाकीची गावं हजाराच्या आत, म्हणून शाबूत राहिली. तिने एक ओळ बदलली तसा ब्रेझ्नाचा स्तंभ सगळ्यांच्या वर गेला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती साहेबाकडे धावली. "चूक माझी आहे, साहेब. बस सुरू करा."

"अगं, बस दुसऱ्या मार्गावर दिली. ड्रायव्हरही गेला. बघू पुढच्या वर्षी."

हे 'बघू' म्हणजे काय, ते तिला कळत होतं.

मग कुणाच्या तरी गाडीत बसून ती गावी गेली. आत्याचा गोठा रिकामा होता. बाजार तुटल्यावर गाय ठेवून करायचं काय, म्हणून तिने ती देऊन टाकली होती. नेवेनाने टिंबापासून सगळं सांगितलं. आत्याने कॉफी उकळली.

"यंत्राला काय कळतंय, पोरा," ती म्हणाली. पोरीलाही पोरा म्हणायची तिची सवय. "टिंबच ते. कुणाचंही चुकेल."

"आत्या, शिव्या तरी दे."

"शिव्या कशाला? एवढंच सांग, तिथं महिन्याला एक माणूस लिहिलेलं तू डोळ्यांनी बघितलंस?"

"हो."

"आणि खरं वाटलं तुला?"

नेवेनाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"मी एकटीच आठवड्यातून दोनदा जायचे गं," आत्या म्हणाली. "मला तरी हिशेबात धरायचंस."