सप्त्याचं कोरं कापड

घोडेगावच्या टाळकऱ्यांचे एकशेवीस नेहरू शर्ट शनिवारी, सप्ताह बसायच्या आत पोचते करायचे होते. मंगळवारी पांढऱ्या सुती कापडाचे तागे शेवगावात, आमच्या आठ मशिनींच्या कारखान्यात आले. मी कामावरच्या सविताला म्हटलं, "पाण्याच्या टाकीत सोड."

"थांब," आमचे हे, गोरक्षराव, आडवे आले. "सप्त्याचं कापड हाय. कोरंच पायजे. देवाच्या दारात भिजवलेलं नेत्यात व्हय?"

गेल्या जूनमध्ये शाळेचे गणवेश असेच न भिजवता कापले. पहिल्याच धुण्यात आटले, शाळेनं दुसरा टेलर धरला आणि आमच्या तीन बायांना घरी बसावं लागलं. तेव्हापासून पाणी दाखवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असं भिंतीवर लिहिलंय. लिहिलंय यांनीच, वळणदार अक्षरात.

"ते गणवेश. हे देवाचं काम," हे म्हणाले.

"कीर्तनाला मीबी बसते. देवाच्या कामात कापड आटत न्हाई, असं कुठल्या बुवांनी सांगितलं?"

"आटलं तर बरंच," कडूबाई काजं करता करता म्हणाली. "टाळ वाजवायला हात मोकळे ऱ्हातील."

मी वाद सोडला. यांच्याच मापाचा एक शर्ट कोऱ्या कापडाचा शिवला, भिजवला, उन्हात वाळवला आणि पुढ्यात धरला. "घाला."

बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. पोटावरचं बटण लागेना.

"मीच जाड झालोय," हे म्हणाले.

"सकाळपासनं?" कडूबाईनं विचारलं.

बुधवारी सगळे तागे भिजले, वाळले. मोजले तर कापड एकशेचौदा शर्टांचंच. तसलं कापड पुन्हा आठवड्याशिवाय मिळणार नव्हतं.

"रंभाजीआण्णांना आत्ता फोन करा," मी म्हटलं. सप्त्याचं सगळं तेच बघतात. "शनिवारी कळलं तर पुढल्या साली कोन आपल्याला काम देईल?"

"तूच कर की."

"कोरंच पायजे, असं तुमीच म्हनलात ना? मग तुमीच करा."

दोन वेळा चहा झाला, तेव्हा कुठं यांनी फोन लावला.

"आण्णा, सहा शर्ट कमी पडत्यात. आन कापड... भिजवलंय."

"बरं केलं. मागच्या साली दुसऱ्या टेलरनं कोरंच शिवलं, समद्यांच्या बाह्या कोपरावर आल्या. भिजवू नका असं म्या कवा म्हनलो?"

"न्हाई म्हनला. मला वाटलं."

"सहा जन जुन्या शर्टावर हुबे ऱ्हातील. पैला मी."

यांनी फोन ठेवला. मला वाटलं, म्हणे. इथं यांच्या वाटण्यात एक अख्खा दिवस गेला, मशिनी थांबून राहिल्या आणि शनिवारला उरले होते दोनच दिवस. मी यांच्या हातात इस्त्री दिली आणि कापायच्या आधी सरळ करायला, भिजून चुरगाळलेला पहिला तागा पुढ्यात टाकला.