आई म्हणते, बरी आहे

आई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. माणूस पडलं की कळवणारं यंत्र तिच्या गळ्यातच होतं. माझ्या तान्ह्या टिलीला कडेवर घेऊन मी आत शिरले, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"कधीपासून अशी आहेस?"

"आठच्या बातम्यांपासून."

"यंत्र वाजलं नाही?"

"वाजलं की. त्यातून बोलणारी मुलगी म्हणाली, 'मार्जरी, बऱ्या आहात ना?' म्हटलं, बरी आहे गं, तू कशी आहेस?"

"आई! जमिनीवर पडून?"

"अगं, कुणी विचारलं तर दुसरं काय म्हणतात? आणि आज टेरँग गावात आपल्या टीमची फुटबॉलची फायनल. ॲम्ब्युलन्सवाली पोरं आपल्याच गावची, तिकडेच असणार."

मी तिच्या गळ्यातल्या यंत्राचं बटण दाबलं. खुबा मोडलाय बहुतेक, असं त्या मुलीला सांगितलं. ॲम्ब्युलन्स निघाली.

"तुझं तोंड का उतरलंय? झोप मिळते ना?" आईनं विचारलं.

"बरी आहे मी," मी म्हणाले. मग टिलीला पोटाशी धरून आईशेजारी त्या गार फरशीवर आडवीच झाले. "नाही गं आई. थकलेय."



"दुखतंय गं," आई म्हणाली. "फार दुखतंय."