काचालेची चटई

"काचाले!" दुभाष्याने नाव पुकारले, आणि बाकावरून जो उठला तो गेल्या पावसाळ्यात गोळी लागून निवर्तलेल्या काचालेचा भाचा होता.

विलायतेहून आलेले न्यायाधीश मिशनशाळेच्या दालनात टेबलामागे बसले होते. आफ्रिकेतल्या आमच्या न्यासालँडचा कारभार कसा चालतो आणि सैनिकांनी सरोवराच्या धक्क्यावर निःशस्त्र जनांवर गोळ्या का झाडल्या, याची चौकशी करण्यास ते आले होते. सरकारी वकील प्रत्येक मृत्यूविषयी शंका उपस्थित करीत होता. मामाचा मृत्यू नाकारला जाऊ नये, एवढ्याचसाठी भाचा आला होता.

"तुझं नाव?"

"काचाले."

"त्या दिवशी काय झालं?"

"मी होडीचा दोर सोडत होतो. शिपाई ओरडले. मी वळून बघतोय, तोच गोळी इथं शिरली." त्याने छातीवर हात ठेवला.

दालनातल्या आम्हां कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. आमच्याकडे पुरुष निवर्तला की सुतक फिटण्याच्या दिवशी त्याच्या बहिणीचा पुत्र त्याच्या चटईवर बसतो आणि त्याचे नाव धारण करतो. त्या क्षणापासून तो तोच होतो. योतामू हे भाच्याचे जन्मनाव त्या दिवशी मिटले. मामाची धाकटी कन्या तिसुंगे त्याला बाबा म्हणू लागली. आणि ज्या नाबांडाने त्याला जन्म दिला, तीच त्याला दादा म्हणून, गुडघे टेकून, त्याच्यापुढे अन्न ठेवू लागली. मृत्यू माणूस नेतो. नाव त्याला नेऊ द्यायचे नाही, असे आमचे वडीलधारे मानीत आले.

न्यायाधीशांनी चष्मा उतरवला. "त्याला सदरा उघडायला सांगा."

छाती गुळगुळीत होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

"वा!" सरकारी वकील हसला. "मेलेली माणसं साक्षीला यायला लागली. म्हणजे इथला कारभार फारच उत्तम म्हणायचा!"

त्याच्या मागचे गोरे अधिकारीही हसले. दुभाषा दक्षिणेकडचा, पण आपलाच माणूस. तो भाच्याच्या कानाशी लागला.

"अरे बाबा, असं बोलू नकोस. त्यांना वाटतंय, तुम्ही सगळ्यांनी मिळून खोटे मेलेले उभे केलेत."

"मग आमची रीत सांगा ना त्यांना."

"सांगितली की! ते म्हणतात, रीत राहू दे. काचाले जिवंत आहे का मेला, एक काहीतरी सांग. जिवंत असेल तर ते मेलेल्यांच्या यादीतून नाव खोडणार."

"दादा, नको!" मागून नाबांडा ओरडली. "तोंडातून तसलं काढू नकोस रे!"

तो उघड्या सदऱ्याने तसाच उभा राहिला. मग त्याने एकेक गुंडी लावली. आईकडे त्याने पाहिले नाही.

"काचाले मेला," तो म्हणाला. "मी योतामू. नाबांडाचा मुलगा."

धक्क्यावरून प्रेत घरी आणले तेव्हा फुटला होता तोच आक्रोश काचालेच्या विधवेच्या कंठातून पुन्हा फुटला. बायकांनी डोक्यावरची फडकी ओढून तोंडावर धरली. आमचा वृद्ध गावप्रमुख बाकाचा काठ धरून उठला आणि बाहेर गेला. टेबलामागे लेखणी चालू होती.

"आभारी आहोत, योतामू," न्यायाधीश सौजन्याने म्हणाले. "आता सारं स्पष्ट झालं."

सायंकाळी तो अंगणात शिरला तेव्हा तिसुंगे नेहमीप्रमाणे धावत आली आणि मध्येच थबकली.

"आता तुला काय म्हणायचं?"

त्याने तिच्या मस्तकावर हात ठेवला. भिंतीशी मामाची चटई अंथरलेली होती. तिच्या काठाशी, उघड्या जमिनीवर तो बसला.

नाबांडा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आणि मासळी घेऊन आली. तिच्या हातात दोन वाडगे होते. एक तिने गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, रिकाम्या चटईपुढे ठेवला.

मग ती उठली. दुसरा तिने उभ्यानेच वाकून मुलापुढे सरकवला.

"जेव, योतामू," ती म्हणाली.